सहावी बाटली

दर मंगळवारी ती सहा बाटल्या घेऊन तळ्यावर जायची. पाच बाटल्यांत तळ्याचं आणि त्याला मिळणाऱ्या ओढ्यांचं पाणी भरायचं. सहावी प्रयोगशाळेतच शुद्ध पाण्याने भरलेली असायची. ती तळ्याकाठी उघडायची, बंद करायची आणि परत आणायची. बाटलीतूनच काही मिसळत असेल तर ते या पाण्यात दिसावं, म्हणून. कचेरीत तिला सगळे बाटलीताई म्हणत. जीपचा ड्रायव्हर म्हणायचा, "चला, पाण्याला फिरवून आणू." बावीस वर्षं तोच विनोद. बावीस वर्षं ती तेवढंच हसली.

तळं आजारी होतं. उन्हाळ्यात त्यावर हिरवी साय धरायची, मासे उलटे तरंगायचे. दुखणं फॉस्फरसचं. तो शहराच्या सांडपाण्यातून यायचा, शेतांतून यायचा, ओढ्याकाठच्या धुलाई कारखान्यांतून यायचा. आता कोणी रोज किती सोडायचा याची मर्यादा ठरणार होती. या हंगामाच्या आकड्यांवर त्या मर्यादेचा मसुदा बेतला होता. आकडे तिच्या बाटल्यांचे.

एक धुलाई कारखाना तिच्या धाकट्या भावाचा होता. चार यंत्रं, नऊ बायका, दवाखान्यांच्या चादरी. त्याच्या वाट्याला निम्मी कपात आली.

"निम्मी म्हणजे दोन यंत्रं बंद," तो जेवताना म्हणाला. "ताई, तुझ्या तळ्यापायी आमच्या तोंडचं पाणी पळालं."

"आकड्यांना भाऊ नसतो," ती म्हणाली आणि त्याला वरण वाढलं.

मसुद्यावरच्या सहीला चार दिवस उरले असताना ती नोंदी लावायला बसली. शेवटचे दहा आठवडे सहाव्या बाटलीतही फॉस्फरस होता. शुद्ध पाण्यात. तो रकाना कोणी पाहिलाच नव्हता. तिनेही नाही.

दहा आठवड्यांपूर्वी बाटल्या धुवायचं आम्ल संपलं होतं. खरेदीचा कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. तिने भावाकडून डबाभर पावडर आणली. "चादरी लख्ख करते, तुझ्या बाटल्या काय चीज आहेत," तो म्हणाला होता. पावडर फॉस्फेटची, म्हणजे फॉस्फरसचीच होती; सहाही बाटल्यांचे आकडे त्यामुळे फुगले होते. फॉस्फरस मोजण्यात जन्म गेलेल्या बाईने डब्यावरचं लेबल वाचलं नव्हतं.

तिने आधी भावाला सांगितलं.

"मग सांग की साहेबांना. आकडे उतरले तर माझा फायदाच आहे."

"तोच तर वांधा आहे," ती म्हणाली. "पावडर तुझी, चूक माझी, फायदा तुझा. कोण विश्वास ठेवेल?"



दुसऱ्या दिवशी तिने नोंदवही आणि डबा साहेबांच्या टेबलावर ठेवला. "दहा आठवडे बाद करा. नवे नमुने घ्या, पण माझ्या हातचे नकोत."

"निवृत्तीला आठ महिने राहिलेत तुमचे," साहेब म्हणाले. "आणि मी हे पाहिलंच नसतं."

"मी पाहिलंय ना."

सही पुढे गेली. मसुद्यावरच्या सुनावणीत शहराच्या सांडपाणी केंद्राच्या वकिलाने विचारलं, "बाई, त्या पावडरीने आणखी काय काय धुतलंत?" लोक हसले.

"एवढंच," ती म्हणाली. "डबा आणलाय. अर्धा शिल्लक आहे."

नवे नमुने एका तरुण मुलीने घेतले. या वेळी सहावी बाटली स्वच्छ निघाली. बाकीचे आकडे उतरले, पण तळं आजारीच ठरलं. भावाच्या वाट्याला निम्म्याऐवजी तिसरा हिस्सा कपात आली.

"एवढा तमाशा करून तिसरा हिस्सा?" तो म्हणाला. "बहीण आहेस की फौजदार?" तरी त्याने पावडर बदलली. एक यंत्र बंद केलं. बायका नऊच ठेवल्या.

तिला भांडारात बसवलं. कोणी रागावून नाही; चूक झाली की कागदावर काहीतरी कारवाई दाखवावी लागते, म्हणून. ती बाटल्यांना चिठ्ठ्या लावायची आणि आम्लाचा साठा मोजायची. मंगळवारी जीप निघाली की खिडकीकडे पाठ करायची.

एका मंगळवारी टेबलावर एक बाटली राहिलेली दिसली. सहावी. गुडघे धरत ती दोन मजले उतरली. जीप फाटकापाशी पोचली होती. ड्रायव्हरने आरशात तिला पाहिलं आणि ब्रेक दाबला.

"अहो, पाण्याला फिरवायचं राहिलं," तो म्हणाला.

बाटली जीपमधल्या त्या तरुण मुलीच्या हातात देताना ती नेहमीइतकंच हसली.