पिशवीतली पुरणपोळी
आल्याचा वास आला की मला झाशीजवळच्या बरुआसागरची बस आठवते. प्रबंधासाठी अमेरिकी प्रवास-कादंबऱ्या वाचणारी मी, शेजारी बसलेल्या आलं विकणाऱ्या बाईला हिंदीत शहाणपणा शिकवत होते: एका कादंबरीत स्थलांतरित घरातला मुलगा मोटारीने अमेरिकाभर फिरतो आणि लोक परका समजतील म्हणून आईच्या हातचं जेवण लपून खातो, बिचारा. बाई पोरीला म्हणावं तसं बुंदेलीत म्हणाली, "और बिन्नू, तुम झोला में मुँह डारकें का खा रईं?" पिशवीत पुरणपोळी होती. आमचं मराठी घराणं अडीचशे वर्षं झाशीत, तरी या विदुषीला, म्हणजे मला, तीच भीती. मी अर्धी पोळी पुढे केली. तिने ती स्वतःच्या मिरचीच्या लोणच्याशी खाल्ली आणि मलाही तशीच खायला लावली. आता पुण्याचे नातेवाईक आले की मी पुरणपोळीवर तुपाऐवजी मिरचीचं लोणचं वाढते आणि त्यांच्या तोंडाकडे बघत बसते.