गाड्यापुढची घोडी

पिंपरीला नुकते कारखाने येत होते, तेव्हाची गोष्ट. चाकणकडच्या जत्रेत चढावर बैलगाडे पळायचे. बैल मागोमाग जोरात पळावेत म्हणून आमच्या गाड्यापुढे घोडी पळवायची पाळी पहिल्यांदाच माझ्यावर आली. एका पायानं लंगडणाऱ्या चुलत्यांनी महिनाभर नियम सांगून माझं डोकं उठवलं होतं. त्यातला एक तर रोजचा: "मागं बघायचं न्हाई. घोडी जरा अडखळली, की चार बैल अंगावर आलेच."

निशाण पडलं. मी टाच मारली आणि चढ संपवून थेट पलीकडच्या नांगरटीत थांबलो. तेव्हा कुठे वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं. बैल सुरुवातीलाच बिथरून आडवे गेले होते आणि मी एकटाच घोडी दामटत आलो होतो. लोक पोट धरून हसत होते.

उन्हात घोडीचा लगाम धरून तो सगळा उतार चालत उतरलो. मसणात गेली ती शर्यत, असं झालं होतं.

खाली चुलते सामोरे आले. ते हसत नव्हते.

"पळताना वळून बघितलंस का?"

"न्हाई."

त्यांनी माझ्या हातातून लगाम घेतला.

"म्या बघितलं व्हतं एकदा," म्हणाले, आणि लंगडत पुढे चालू लागले.