दोन्ही पंचांगांत बरा दिवस

चेन्नईजवळच्या आवडी गावात, कारखान्यात मशीन-दुरुस्ती करणाऱ्या प्रतापसिंहाच्या भिंतीवर दोन पंचांगं टांगलेली असत. एक तमिळ, रोज पान फाडायचं. दुसरं मराठी, सोलापूरला दिलेल्या मेहुणीनं धाडलेलं. घराणं तंजावूरच्या मराठ्यांचं, घरातलं बोलणं तिकडच्या जुन्या मराठीत. देव मराठी, शेजारी तमिळ, तेव्हा कुणालाच दुखवायला नको म्हणून आजोबांनी दंडक घातला होता: नवं काम दोन्ही पंचांगांना पसंत पडेल त्याच दिवशी काढायचं. आता अमावास्या तमिळांना शुभ, मराठ्यांना वर्ज्य. असा मेळ बसायचा कधी? प्रतापसिंहाची स्कूटर पैसे भरूनही महिनाभर दुकानातच उभी राहिली, आणि लेकीचं बारसं ती रांगायला लागल्यावर झालं.

प्रतापसिंहाला इतिहासात एम.ए. करायचं होतं. वडील गेले तेव्हा कॉलेज सोडून तो त्यांच्या जागी कामाला लागला. बी.ए. पुढे टपालानं केलं, पण वर्गात बसून शिकायची हौस काही फिटली नाही. गेल्या वर्षी विद्यापीठाच्या शनिवार-रविवारच्या वर्गाला जागा मिळाली, तर नेमका आडी महिना आडवा आला. आडीत तमिळ माणूस शुभकार्याला हात लावत नाही. जागा गेली. आडीनं घात केला, असं तो सगळ्यांना सांगे आणि सगळे माना डोलावत.

यंदा पुन्हा जागा लागली. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत प्रवेश पक्का करायचा होता, आणि पुढच्या वर्षापासून हे वर्गच बंद होणार होते. आडी सरला होता. बायकोनं, हरिप्रियेनं, चष्मा लावून दोन्ही पंचांगं पाहिली.

"गुरुवार दोन्हींत बरा आहे."

"राहुकाळ?"

"दुपारीं. तुम्ही सकाळीं जावा."

"चंद्राष्टमं? राशीस आठवा चंद्र नाहीं ना?"

"नाहीं हो. तेंही पाह्यलें."

प्रतापसिंहाचा चेहरा उतरला. एरवी चांगला दिवस सापडला की माणूस खुलतो.

गुरुवारी तो लोकलनं सेंट्रलपर्यंत गेला, फलाटावर कॉफी प्याला आणि तसाच माघारी आला.

"जालें?" हरिप्रियेनं विचारलं.

"अगो, भय वाटतें," तो खाली बसत म्हणाला. "ह्या वयांत पोरांमधें बसून फेल जालों तर कोणास तोंड दाखवूं?"

इतकी वर्षं आपण पंचांग पाहत होतो की पळवाट, हे बोलता बोलता त्याचं त्यालाच उमगलं. त्याला फार लाज वाटली.

हरिप्रिया उठून भिंतीपाशी गेली. "उद्यां दोन्हींत वाईट. तमिळांत अष्टमी, मराठींत भद्रा, साडेदहापासून राहुकाळ. उद्यांच जावा. फेल जालांत तर दिवसाचें नांव सांगा."

"आणि पास जालों तर?"

"तर तुमचें."

शुक्रवारी भर राहुकाळात त्यानं प्रवेशाच्या अर्जावर सही ठोकली. बाहेर आल्यावर झाडाखाली उभं राहून त्यानं घरी फोन लावला.

"जालें."

"भय गेलें?"

"नाहीं."

"सरी, बरें, असूं दे," ती म्हणाली. "वर्गांत शेजारीं बसवा त्यास."