व्हर्नाच्या ओठांवरचं नाव

व्हर्नाला नाटकात एकच काम होतं. शेवटच्या प्रवेशात पुढे यायचं, मेरिगल गावच्या टाउन हॉलमध्ये जमलेल्या गोऱ्या-काळ्या माणसांकडे बघायचं आणि एक नाव मोठ्याने उच्चारायचं. बस्स. ते नाव मी इथे सांगणार नाही. का, ते कळेलच, आणि कळल्यावर मला एकट्याला गाठून विचारायलाही येऊ नका.

नाव तिच्या खापरपणजोबांचं. गोरे मेंढ्या घेऊन नदीच्या वळणावर आले आणि पाणी अडवून बसले, तेव्हा ‘हे पाणी आमचं’ म्हणून पुढे झाला तो हा माणूस. पुढे एका पहाटे त्याला आणि त्याच्या गोतावळ्याला झोपेतच गोळ्या घातल्या. त्याच भांडणात एक गोरा मेंढपाळ मेला होता. गावच्या बागेत दगड उभा आहे तो त्या मेंढपाळाचा, नावगावासकट. आमच्या, म्हणजे इथल्या मूळच्या काळ्या माणसांबद्दल खाली दोनच शब्द आहेत: ‘काही काळे’. काही! मोजायचीसुद्धा तसदी घेतली नाही मेल्यांनी.

व्हर्नाला ते नाव आजीने दिलं. पाद्र्यांच्या मिशनच्या वस्तीत आपली भाषा तोंडातून निघाली की ते साबणाने तोंड धुवून काढायचे. म्हणून आजी नदीवर धुणं आपटता आपटता तिच्या कानात नाव सांगायची आणि तिच्याकडून म्हणून घ्यायची. तीच व्हर्ना पुढे गावातल्या गोऱ्या प्रॉक्टरांच्या घरी फरशा पुसायला गेली. नंतर इस्पितळाच्या धोबीखान्यात उभा जन्म राबली, चार पोरं वाढवली, त्यांतली दोन पुरली. नाव मात्र तिने विसरू दिलं नाही, ना स्वतःला, ना पोरांना.

पण लहानपणी तिने एक हट्ट केला होता. धाकटा भाऊ जन्मला तेव्हा ती आईच्या मागेच लागली, “बाळाला तेच नाव ठेवू या. रोज हाक मारायच्या निमित्ताने तरी तोंडात राहील.”

आजी म्हणाली, “नको गं पोरी. जित्या माणसाला दिलेलं नाव त्याच्याबरोबरच निजतं.”

पोरीने ऐकलं नाही. आईलाही पटलं. मिशनवाल्यांनी कागदोपत्री त्याला कसलंसं इंग्रजी नाव लावलं, पण घरात तो खापरपणजोबांच्याच नावाने वाढला. आणि खरंच, साठ-पासष्ट वर्षं ते नाव मेरिगलच्या काळ्या वस्तीत रोज घुमत राहिलं. जेवायला ये, मासे कुठे आहेत, बूट दाराबाहेर काढ, सगळं त्या नावानेच.

नाटक लिहिलं लिओनाने. व्हर्नाची नात, तिला ‘नॅन’ म्हणणारी, शहरात शिकलेली, तोंडाची फटकळ. तालमी वस्तीच्या पत्र्याच्या हॉलमध्ये चालायच्या. भावाची मूत्रपिंडं निकामी झालेली. दिवसाआड इस्पितळात रक्त शुद्ध करायच्या सुया टोचून घेऊन यायचा आणि प्लास्टिकच्या खुर्चीत बसून सगळ्यांची खेचायचा.

“अगं, काय पुटपुटतेस?” तो बहिणीला म्हणायचा. “माझं नाव घेतेस की चोराचं? जेवायला बोलावतेस तेव्हा तर अख्खी वस्ती जागी होते!”

“गप रे. तुझं नाही, त्यांचं नाव घेतेय मी.”

“मी काय उसनं आणलंय? घे, मोठ्याने घे. प्रॉक्टरबाईच्या कानाचं यंत्र फुटलं पाहिजे.”

व्हर्ना हसायची आणि पुन्हा म्हणायची. शेवटच्या आठवड्यात तर अशी म्हणायला लागली की पोरांच्या अंगावर काटा यायचा.

प्रयोग शनिवारी, आणि मंगळवारी भाऊ गेला.

ओल्या पानांचा धूर घरभर फिरवला. त्याचे कपडे घरातून हलवले, फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवले, आणि नाव बंद झालं. आमच्यात गेलेल्याचं नाव घेत नाहीत. घेतलं तर त्याचा जीव वळून बघतो, वाटेला लागत नाही. वडीलधारे मोकळं करतील तेव्हा करतील, वर्षाने, तीन वर्षांनी. तोवर त्या नावाच्या जागी ‘बिननाव्या’ म्हणायचं. त्याच नावाचा दुसरा कुणी असला तरी तोही बिननाव्याच.

नदीपलीकडून म्हातारे चुलते आले. नाटक करा म्हणाले, गेलेल्याचीही तीच इच्छा होती. नाव तेवढं नको.

लिओना उसळली. “नॅन, अगं ते तुझ्या खापरपणजोबांचं नाव आहे! त्यांना जाऊन दीडशे वर्षं होऊन गेली!”

“नाव एकच आहे गं.”

“मग कागदावर लिहून पडद्यावर दाखवते.”

“वाचणारे मनात घेतीलच की.”

“अख्खं नाटक त्या एका नावासाठी लिहिलंय मी! गोऱ्यांनी पुसलं म्हणून रडायचं, आणि आता आपणच गिळायचं?”

पोरीचं बरोबर होतं, चुलत्यांचंही बरोबर होतं, आणि आजीचं तर सगळ्यांत बरोबर होतं. “मीच ठेवलं त्याला ते नाव,” व्हर्ना म्हणाली. “मीच, लिओना. हरवू नये म्हणून.”

शनिवारी हॉल भरला. नाटक रंगलं. गोळ्यांच्या प्रवेशाला बायका रडल्या, गोऱ्यासुद्धा. शेवटी व्हर्ना पुढे आली. इतकी वर्षं जपलेलं नाव ओठांपर्यंत आलं होतं. तिने तोंड उघडलं आणि म्हणाली, “बिननाव्या.”

टाळ्या पडल्या. त्यांना काय कळणार?

नंतर सगळे नट मंचावर खुर्च्या टाकून बसले, लोकांनी प्रश्न विचारायचे म्हणून. पुढच्या रांगेतून प्रॉक्टरबाई काठी टेकत उठल्या. त्यांच्याच घरच्या फरशा व्हर्नाने पुसलेल्या. बाईंचे डोळे लाल झाले होते.

“व्हर्ना,” त्या म्हणाल्या, “मला लाज वाटते गं. इतकी वर्षं त्या दगडावरून मी जाते-येते. त्या माणसाचं नाव काय होतं? मला सांग. त्या दगडावर मी कोरून घेते.”

उभ्या जन्मात मेरिगलच्या एकाही गोऱ्या माणसाने हे विचारलं नव्हतं. व्हर्नाने मांडीवर दोन्ही मुठी आवळल्या.

“सांगता येत नाही, बाई.”

लिओनाने माइक ओढून घेतला. “आमच्या घरात मयत झालंय. त्यामुळे ते नाव आत्ता घेता येत नाही. नॅनला ठाऊक आहे. पक्कं ठाऊक आहे!”

“हो, हो, समजलं,” प्रॉक्टरबाई घाईघाईने म्हणाल्या आणि खाली बसल्या. कानाने कमी ऐकणारी माणसं कुजबुजतात तीही मोठ्याने. शेजारणीकडे वळून त्या म्हणाल्या, “आठवत नसेल गं बिचारीला. कबूल करायला लाजतेय. कुणी विचारू नका आता.”

सगळ्या हॉलने ऐकलं. शेजारणीने मान डोलावली, मागच्या रांगेनेही डोलावली, दयेने.

व्हर्नाला रडू फुटलं, ते तिला आवरेना. आणि अख्ख्या गावाला वाटलं, म्हातारी नाव आठवेना म्हणून रडतेय.