शेवटची टाचणी

दुपारची प्रात्यक्षिकं आटोपून मुलं गेली आहेत. प्रयोगशाळेत रोहिणी एकटीच सूक्ष्मदर्शकावर वाकली आहे आणि तिच्या पापण्या जड होताहेत. भिंगाखाली टाचणी आहे, चतुराच्या कुळातला सुईसारखा सडपातळ कीटक. गगनबावड्याकडच्या ओढ्यावर तिनं आणि विश्रामनं, तिच्या नवऱ्यानं, मिळून धरलेल्या टाचण्यांपैकी ही शेवटची. बाकीच्यांचं पोट, मागचा पंख, शेपटाच्या टोकाच्या पकडी, सगळं मोजून झालंय. ओळखीच्या जातीत खालची पकड वरचीहून लांब असते. यांच्यात ती निम्मीही भरत नाही. एवढी एक मोजली की जात नवी असल्याचं मांडता येईल. पण श्रावणात विश्राम काविळीनं गेला, आणि तेव्हापासून रोहिणी जुनीच मापं पुन्हा पुन्हा घेतेय. ही संपली की दोघांनी मिळून करायचं असं काही उरणार नाही.

ती कपाळ हातावर टेकते.

"दिवा कमी कर. पंख चकाकतोय," विश्राम म्हणतो.

तो शेजारच्या स्टुलावर बसलाय, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. रोहिणीला नवल वाटत नाही. ती दिवा कमी करते तर घरचा गॅस मंद होतो, उतू जाणारा चहा खाली बसतो. ओट्यावरून पाणी वाहतंय आणि दोघं ओढ्यात उभे आहेत. दगडादगडावर निळ्या टाचण्या. तो नेहमीसारखा कुरकुरतो, पोहे तिखट झाले होते, प्राचार्यांनी रजेला किती आढेवेढे घेतले. ती नुसती ऐकते. मध्ये बोललं तर तो थांबेल, असं तिला वाटतं.

हातात मोजपट्टी येते. ती त्याची करंगळी मोजते, मग मनगट. वाचेपर्यंत आकडा पुसट होतो. ती पुन्हा पट्टी लावते.

"हे काय चाललंय?"

"तुझी मापं राहिली. विसरले तर?"

"मला मोजून ओळखायचीस होय तू? जिन्यावर पाऊल वाजलं की चहा टाकायचीस."

ती पट्टी खाली घेत नाही. पाणी पोटऱ्यांपर्यंत आलंय.

"त्या शेवटचीला किती दिवस अडवून ठेवणार आहेस?" तो विचारतो.

"ती झाली की तू..."

"मी गेलोय, रोहिणी. तिला तरी नाव मिळू दे."

तिचा पाय शेवाळावरून सरकतो. तो तिचा डावा हात कोपराखाली घट्ट धरतो, ओढा ओलांडताना धरायचा तसा. सोडू नकोस, असं ती म्हणते. तो सोडत नाही. पाण्याचा आवाज मात्र लांब जाऊ लागतो.

खिडकीखाली कुणीतरी सायकलची घंटी वाजवतं. टेबलावरचं ऊन भिंतीपर्यंत सरकलंय. रोहिणी मान वर करते. डाव्या हातावर, कोपराखाली, चार बोटांचे लालसर ठसे आहेत. झोपेत आपलाच हात आपण धरला असेल, ती स्वतःला समजावते, आणि उजव्या हाताची बोटं त्या ठशांवर ठेवून बघते. ती लहान पडतात. प्रत्येक बोटाच्या दोन्ही बाजूंनी लाल कड बाहेर उरते.

ती उजवी बोटं अलगद उचलते. मग डावा हात जराही न हलवता, उजव्या हातानं भिंग जुळवते आणि पहिलं माप घेते.