अण्णांची पुठ्ठ्याची गाडी

अण्णांच्या मोटारसायकलवर मागे बसायचं तर एकच अट होती. सिग्नलला गाडी थांबली की मागच्यानं दिव्याकडे बघायचं आणि सांगायचं. "हिरवा झाला का, पोरी?" अण्णा मान किंचित तिरकी करून विचारायचे. मी "झाला" म्हटलं की गाडी सुटायची. मी नोकरीसाठी पुण्याहून बेंगळुरूला आले, जयनगरात अण्णांच्या घरी माडीवरची खोली भाड्यानं घेतली आणि अण्णा रोज सकाळी मला मेट्रो स्टेशनपर्यंत सोडू लागले, तेव्हापासूनचा हा नेम. मला तो म्हाताऱ्याचा खेळ वाटायचा. "तुम्ही आताची पोरं फोनात डोकं घालून बसता. मागे बसून सुम्ने भार व्हायचं नाही, स्वल्प काम करायचं," असं ते म्हणायचे. सुम्ने म्हणजे उगाच. मला ते पटायचंही.

अण्णा शिंपी. त्यांचं घराणं कधी इकडे आलं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. घरात मराठी बोलायचे, पण तिच्यात कन्नड अशी मिसळलेली की पहिले दोन महिने मी नुसती मान डोलवत होते. चाळीस वर्षं कोट आणि सफारी शिवून त्यांनी दुकान बंद केलं होतं. कारण विचारलं की म्हणायचे, "कोट शिवून कोण घालतंय आता?" पण हाताची सवय गेली नव्हती. एकदा माझ्या नव्या कुर्त्याच्या बाहीवरून त्यांनी नुसतं बोट फिरवलं आणि म्हणाले, "डावी अर्धा इंच आखूड आहे, परत दे." मी वर खोलीत जाऊन मोजली. अर्धा इंच आखूड होती. "डोळा गिऱ्हाइकाचा, बोट शिंप्याचं," ही त्यांची म्हण. बहुधा त्यांनीच केलेली असावी, कारण दुसऱ्या कुणाच्या तोंडून मी ती ऐकलेली नाही.

मग एके दिवशी त्यांनी गाडी विकून टाकली. गडद हिरव्या टाकीची, काळ्या सीटची ती जुनी गाडी त्यांनी लग्नानंतर वर्षभरात घेतली होती. अक्का, म्हणजे त्यांची बायको, गाडीला सवत म्हणायच्या. "गुडघे चालत नाहीत," एवढंच कारण अण्णांनी दिलं. त्या आठवड्यात त्यांनी मला सोडायला येणंही बंद केलं होतं, त्यामुळे मलाही गुडघ्यांचं पटलं. अक्का दोन दिवस खूश होत्या आणि तिसऱ्या दिवशी रिकाम्या अंगणाकडे बघत पदराला डोळे पुसत होत्या.

न चालणारे ते गुडघे दसरा जवळ आल्यावर दिवसातून दोनदा माझा जिना चढू लागले. अण्णांना खोकी हवी होती. मी ऑनलाइन काय काय मागवते यावर आमच्या आईनं जेवढं लक्ष ठेवलं नसेल, तेवढं अण्णा ठेवू लागले. आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारं पुजतात, तीच इथली आयुधपूजा. पण इथे मान वाहनांचा. स्कूटरपासून बसपर्यंत सगळं धुऊन, केळीचे खुंट बांधून, चाकाखाली लिंबू ठेवून चिरडायचं. "चाळीस वर्षांत दारात वाहन नाही अशी आयुधपूजा झाली नाही. यंदा बी होणार नाही," अण्णा म्हणाले. नवी गाडी घ्यायची नव्हती. म्हणून हुबेहूब आपली गाडी, हातभर लांबीची, पुठ्ठ्याची करायची, आणि ती नवमीच्या सकाळी तयार पाहिजे.

ते काम बघायला मी ऑफिसातून घाईनं घरी यायचे. अण्णांनी ना फोटो समोर ठेवला, ना आकृती काढली. "दर वर्षी हातानं धुतलंय तिला. अंगाचं माप पाठ आहे," ते म्हणायचे. पट्टीऐवजी गाठी मारलेला दोरा होता. पुठ्ठा ओला करून त्याचे थर ते सोलायचे, पातळ थराची टाकी वळवायचे, जाड थराचं इंजिन. काजं शिवायच्या दोऱ्याला खळ लावून चाकाचे आरे केले. साखळीची एकेक कडी कापून ओवली आणि ती साखळी खरोखर फिरायची. सीट कोटाच्या अस्तराची, आत कापूस. किकला नखानं दाबलं की ती परत वर यायची. मी डोळे विस्फारून बघत राहायचे आणि ते रागवायचे, "सुम्ने बघू नकोस, हात लाव!"

रंगाच्या दोन सारख्या बरण्या मीच आणून दिल्या होत्या, हिरवी आणि काळी. हिरवीच्या गळ्याला त्यांनी रबर घातलं होतं. का, ते मी विचारलं नाही. नवमीच्या दोन दिवस आधी अण्णा देवळात गेले असताना मला पुणेरी उत्साह आला. हत्यारं पुजायची तर ती स्वच्छ नकोत का? मी त्यांची कात्री, सुरी, ब्रश धुतले, बरण्यांवरचे ओघळ पुसले, रबर धुतलं आणि घातलं परत एका बरणीला. कुठल्या, ते कोण लक्षात ठेवतंय? टाकीची डावी बाजू तेव्हा रंगवून झाली होती. उजवी, आणि त्याच बाजूनं मागचं चाक, त्यांनी त्या संध्याकाळी दार लावून रंगवलं आणि नवमीपर्यंत वर कापड टाकून ठेवलं.

नवमीच्या सकाळी अंगणात शेजारपाजारचे जमले. अण्णांनी कापड काढलं आणि "अय्यो!" असा एकच आवाज झाला. तीच गाडी, बोटभर आरशासकट. अण्णांनी मोठ्या ऐटीत ती फिरवली. "आता उजवी बाजू बघा. हिरवा कसा चमकतोय? दोन हात दिलेत."

टाकी या अंगानं काळी कुळकुळीत होती आणि मागचं चाक हिरवं. अण्णांचं बोट काळ्या रंगावर होतं. मला रबर आठवलं.

"अहो, तो काळा आहे," अक्का म्हणाल्या.

"चेष्टा नको करू."

अक्कांनी हळदकुंकवाची कोयरी त्यांच्यासमोर धरली. "यात कुंकू कुठलं?"

अण्णा वाकले, तशी त्यांनी कोयरी मागे ओढली. "वास नको. बघून सांगा."

अण्णा बराच वेळ मान तिरकी करून उभे राहिले. मग पायरीवर बसले. "मधलं सगळं गेलंय. कडेकडेनं दिसतंय. चार वर्षं झाली. परत येत नाही म्हणाले डॉक्टर."

"चार वर्षं! आणि मी तुमच्या मागं बसून बाजाराला जात होते?" अक्का किंचाळल्याच. "मला का नाही सांगितलं?"

"सांगून काय झालं असतं? खुर्चीत बसवलं असतंस. चहाचा कप बी हातात धरून पाजला असतास."

मी विचारलं, "अण्णा, गाडी मग का विकलीत?" उत्तर मला विचारता विचारताच कळलं होतं. गाडी विकायच्या थोडं आधी, एका सकाळी मी मागे बसून आमच्या बेळ्ळंदूरच्या ऑफिसशी फोनवर भांडत होते. अण्णांनी विचारलं आणि मी वर न बघताच "झाला" म्हटलं. पुढच्या क्षणी बसचे ब्रेक करकचले आणि माझ्या गुडघ्याला तिचा पत्रा घासून गेला. मी त्या बसवाल्याला शिव्या दिल्या होत्या. दिवा लाल होता.

"चूक तुझी नाही, पोरी," अण्णा म्हणाले. "दुसऱ्याच्या डोळ्यानं गाडी चालवायची आणि त्या दुसऱ्याला सांगायचंच नाही, हे पाप माझं. तू पडली असतीस तर तुझ्या आईला काय तोंड दाखवलं असतं मी?"

मी रंग आणून टाकी नीट करून देते म्हटलं, तर नको म्हणाले. अक्कांनी लिंबू चाकाखाली ठेवलं. पुठ्ठ्याचं चाक त्यावर नुसतं चढून बसलं. मग त्यांनी ते स्वतःच्या टाचेखाली घेऊन चिरडलं, गाडीला कुंकू लावलं आणि म्हणाल्या, "आली बाई सवत परत घरी."

त्यानंतर दोन वर्षं संध्याकाळी अण्णांना हाताला धरून चौकापर्यंत मी न्यायचे. रस्ता ओलांडताना ते तेच विचारायचे, आणि मी फोन पिशवीत टाकून, दोनदा बघून सांगायचे. गेल्या उन्हाळ्यात साध्या तापाचं निमित्त झालं आणि अण्णा गेले. ती गाडी अक्का दर नवमीला अंगणात काढतात, हिरवी बाजू घराकडे आणि काळी रस्त्याकडे करून.

मी आता रिक्षेनं स्टेशनला जाते. सिग्नलला फोन हातात घेत नाही. दिवा बदलला की तोंडातून मोठ्यानं निघून जातं, "झाला." रिक्षावाला आरशातून माझ्याकडे बघतो आणि कन्नडमध्ये म्हणतो, "दिसतंय मला, मॅडम."