टाचांचा माग

बुटांच्या दुकानात तळवे बसवायचे नवऱ्याने आणि टाचा ठोकायच्या बायकोने, ही वाटणी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात झाली आणि एकतीस वर्षं टिकली. म्हणून गावाने बायकोला टाचकाकू करून टाकलं.

दुकानाच्या दारातून वाळवंटातला तो एकटा डोंगर समोर दिसतो. वसंतात पंधरा दिवस वाळूवर पिवळी फुलं येतात, निम्मं गाव शिखरावर जाऊन येतं, आणि जाण्याआधी बूट घेऊन काकूंच्या दारात उभं राहतं. या दोघांना मात्र कधी सवड झाली नाही. मागच्या वसंतात काका हट्टाने निघाले, अर्ध्या वाटेत छातीत कळ आली आणि डॉक्टरांनी चढ कायमचा बंद केला. तेव्हापासून माणूस काम करता करता डोंगराकडे बघायचा आणि हातोडी बोटावर मारून घ्यायचा.

शेवटी काकूंनाच राहवेना. "अहो, तुमच्या वाटचं मी चढून येते."

"तू? जिना चढताना तुला धाप लागते!"

"जिन्यावर फुलं कुठे असतात?"

असं ठरलं की काकूंनी शिखरावरून हातातल्या आरशाने ऊन दुकानाकडे फेकायचं. काकांनी दारात उभं राहून, गिऱ्हाइकाला पायातला बूट दाखवायचा तो तिरका आरसा हलवून उत्तर द्यायचं. मात्र अकराच्या आत. अकरानंतर वारा सुटतो, धुरळा उठतो आणि शिखर दिसेनासं होतं.

सोबतीला निघाल्या मोठ्या नणंदबाई. त्या घरोघर टपाल वाटतात, त्यामुळे चालण्यात आपला हात कोणी धरत नाही अशी त्यांची खात्री. पायथ्याच्या थांब्यावर पहिल्या बसमधून उतरल्या त्या थेट पुढेच.

देवाने त्या दिवशी आभाळ कसं धुऊन वाळत घातल्यासारखं ठेवलं होतं. दोन्ही बाजूंना पिवळाधमक सडा. काकूंच्या पायांना जणू चाकं लागली होती. दर वळणावर "ताई, बघा, बघा!" चाललेलं.

"बघतेय गं बाई. मी काय डोळे घरी ठेवून आलेय?"

नऊच्या सुमारास कोरडा ओढा लागला आणि गाडी अडली. हिवाळ्यातल्या पावसाने दगडांवरचे रंगाचे बाण पुसून टाकले होते. समोर तीन पायवाटा, तिन्हींवर पावलं.

"टपालाला निदान पत्ता तरी असतो," ताई म्हणाल्या.

काकू मात्र खाली वाकल्या आणि हरखून ओरडल्या, "अहो ताई, ही टाच माझी! कडेला तीन खिळे आहेत ना? शाळामास्तरांची. गुरुवारीच ठोकून दिली. मास्तर दरवर्षी शिखरावर जातात. चला!"

मास्तरांच्या टाचेमागे दोघी तुरुतुरु निघाल्या. वाट एका मोठ्या खडकामागे गेली, फुलांच्या ताटव्याशी थांबली आणि संपली. तिथे मास्तरांच्या गुडघ्यांचे ठसे होते. फोटो काढायला आले असणार.

"छान. मास्तरांचे गुडघेही तूच बसवलेस का?" ताईंनी विचारलं.

घड्याळात दहाला दहा कमी. दुकानाच्या दारात आरसा धरून उभा असलेला माणूस काकूंच्या डोळ्यांपुढे आला. ओढ्याशी परत येऊन त्यांनी डोळे मिटले, "देवा, वाट दाखव," म्हटलं आणि पुन्हा वाकल्या. मग स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला.

"कोणाची टाच आहे ते कशाला बघत बसले मी! ताई, उतरून आलेले बूट आपल्याकडे येतात ना, त्यांच्या टाचा मागून झिजलेल्या असतात. उतरताना माणूस टाच रोवतो. ज्या वाटेवर टाचा खोल रुतल्यात, त्याच वाटेने लोक शिखरावरून उतरलेत."

तिसऱ्या वाटेवर टाचांचे खड्डेच खड्डे होते. ताई पहिल्यांदाच काकूंच्या मागे चालू लागल्या.

अकराला सात मिनिटं असताना काकू शिखरावर पोचल्या. सगळं वाळवंट पायाशी, आणि लांब गाव मूठभर. हात आपोआप जोडले गेले. मग त्यांनी आरसा काढला आणि दुकानाच्या दिशेने हलवला.

काही नाही.

पुन्हा हलवला. क्षितिजावर धुरळ्याची रेघ उठायला लागली होती. गावाकडून एक ठिपकासुद्धा चमकेना. "ताई, यांना बरं नसेल का हो?" काकूंनी विचारलं.

"अगं, गावाकडे काय बघतेस? इकडे, खाली बघ!"

पायथ्याच्या बसथांब्यावरून लख्ख उजेड आला. एकदा, दोनदा, मग वेड्यासारखा सारखाच.

"दुकान बंद करून आले!" काकू किंचाळल्या. "ऐन कामाच्या दिवशी! तो एवढा मोठा आरसा बसमध्ये घालून!" आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावला. मग धुरळा पुरता चढेपर्यंत त्यांनी आरसा खाली ठेवलाच नाही.

दुपारी दोघी उतरल्या तेव्हा काका तिरका आरसा मांडीवर घेऊन बाकावर बसले होते.

"दुकानात बसवेना," ते ओशाळून म्हणाले. "चढलो नाहीये हं. थांब्यापासून एक पाऊल पुढे नाही."

"वर काय काय पाहिलं ते सांगते, पण आधी..."

"आधी बस इथे." त्यांनी तिला बाकावर बसवलं, तिरका आरसा तिच्या टाचांमागे ठेवला आणि आत वाकून बघत राहिले. टाचा मागून चांगल्याच घासल्या होत्या.

"खरंच गेलीस की गं," काका म्हणाले.